युनो आप्पा

पिंप्राळ्यात आप्पा पुष्कळ. दूधवाले आप्पा आहेत, भजनी मंडळाचे आप्पा आहेत, काहीच न करणारे नुसते आप्पाही आहेत. पण जळगाव स्टेशनावर रिक्षात बसून 'युनो आप्पांकडे' म्हणा. रिक्षावाला पत्ता विचारत नाही. एवढंच विचारतो, "आज दुसरं काही काम नाही ना तुम्हाले?"

काम असेल तर आप्पांकडे जाऊच नये. आप्पा भेटले की पहिला प्रश्न 'कसे आहात' असा नसतो. तो असतो, "अमेरिका काय करून राहिली, पाहिलं का?" जणू अमेरिका ही शेजारच्या गल्लीतली नातेवाईक असून तिनं सकाळीच काहीतरी घोळ घालून ठेवलाय. आपण 'नाही पाहिलं' म्हटलं तर आप्पा बसतात. 'पाहिलं' म्हटलं तर अधिक आरामात बसतात.

पांढरा पायजमा, अंगात सदरा आणि सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. निळं पेन शब्दकोड्यासाठी, लाल पेन परराष्ट्र व्यवहारासाठी. चहाच्या टपरीवरचा पेपर सकाळी सातला आप्पांच्या हातात पडतो. आठला जो कोणी तो हातात घेईल त्याला वाटतं, रात्रीतून कुठंतरी मोठी मारामारी झालेली दिसते. गावच्या बातम्यांना मात्र लाल पेन कधी लागत नाही. नळाला पाणी कधी येणार हे आप्पा पेपरात वाचत नाहीत, बायकोला विचारतात.

पूर्वी आप्पांना श्रोते आयते मिळायचे. पिंप्राळ्याचं रेल्वे फाटक पडलं की दोन्ही बाजूंना माणसं अडकायची. भुसावळकडची मालगाडी, मग सुरतकडची पॅसेंजर, मग पुन्हा मालगाडी, तोवर आप्पांचं मध्यपूर्वेपर्यंत होऊन जायचं. कुठल्याही वक्त्याला अशी सभा मिळालेली नाही, जिचं दार रेल्वेनं बाहेरून बंद केलेलं असतं. पुढं उड्डाणपूल झाला. सगळं पिंप्राळं खुश झालं, एकटे आप्पा सोडून. "विकास झाला भो," ते म्हणाले, "पण विचारविनिमय बंद पडला."

परराष्ट्र धोरण आपल्या घरात तीन पिढ्यांपासून आहे, असं आप्पा सांगतात आणि ते अगदीच खोटं नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. नंदलाल बोसांनी बांबूच्या कमानी आणि मंडप सजवले होते आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू केळीच्या मुलखात येऊन स्पेनच्या यादवीवर आणि फॅसिझमवर बोलले. आप्पांचे आजोबा त्या अधिवेशनात पाणी वाहायला होते. "आजोबांना स्पेन कुठं आहे ते माहीत नव्हतं," आप्पा सांगतात, "पण फ्रँको हरला पाहिजे, एवढं त्यांचं मत पक्कं होतं." आप्पांचंही धोरण त्याच वळणाचं आहे. नकाशा नंतर, मत आधी.

स्वतः आप्पा आयुष्यभर एका फळविक्री सोसायटीत हिशेबनीस होते. सावदा स्टेशनवर केळीच्या वॅगनी भरायच्या. घड मोजायचे, पानं अंथरायची, बिल्टी लिहायची आणि वॅगन दिल्लीला आझादपूरच्या मंडीत रवाना करायची. एवढ्या भांडवलावर आप्पा छातीठोक म्हणतात, "दिल्लीशी आपले चाळीस वर्षांचे संबंध!" निवृत्त झाल्यावर पोरांच्या नोकऱ्यांमुळं ते पिंप्राळ्यात घर बांधून राहिले. एक मुलगा पाइपाच्या कारखान्यात, दुसरा चटईच्या. बापानं जगाची जबाबदारी उचलल्यामुळं घराची त्यांच्यावर पडली.

आप्पा सगळ्याच देशांशी बोलत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. हुकूमशहांना ते वेळ देत नाहीत. "तिथं माणूस पान खाऊन थुंकतोही इकडंतिकडं बघून. त्यांच्याशी काय बोलणार?" त्यांचा विषय म्हणजे मोठ्या लोकशाह्या. भारत, अमेरिका, युरोप. या तिघांचं राजकारण, व्यापार आणि मानवाधिकार असं तिन्ही बाजूंनी जमलं पाहिजे, म्हणजे जग सुधारेल, असा त्यांचा सिद्धान्त. ते का जमत नाही, हे शोधण्यात त्यांची हयात चालली आहे.

अमेरिकेबद्दल त्यांच्या मनात जुना जिव्हाळा आहे आणि जुना रागही. लहानपणी रेशनवर मिळणारी लाल ज्वारी, मिलो, त्यांनी खाल्लेली. "लोक म्हणतात अमेरिकेचं मीठ खाल्लं. मी मीठ नाही खाल्लं, मिलो खाल्लाय. मिठाला जागावं लागतं, मिलो पचवावा लागतो." तो पचतो न पचतो तोच डिसेंबर १९७१ मध्ये त्याच अमेरिकेनं बंगालच्या उपसागराकडं सातवं आरमार धाडलं. एका मोठ्या लोकशाहीनं दुसऱ्या मोठ्या लोकशाहीवर विमानवाहू जहाज सोडावं, तेही एका लष्करशहाची बाजू घेऊन, याचा आप्पांना धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. मग नोव्हेंबर २०१० मध्ये ओबामा आले. राष्ट्रपती भवनात त्यांच्या मेजवानीच्या यजमान होत्या प्रतिभाताई पाटील. म्हणजे आमच्या जळगावच्या. एम. जे. कॉलेजात शिकलेल्या, १९६२ साली इथूनच आमदार झालेल्या. त्या दिवशी आप्पांनी अमेरिकेला माफ केलं. "आपल्या बाईच्या हातचं जेवून गेला माणूस," ते म्हणाले. बाईंनी स्वतः स्वयंपाक केला नसेल, असं कोणीतरी बोललं. आप्पांनी त्याच्याशी आठवडाभर राजनैतिक संबंध तोडले.

युरोपची गोष्ट निराळी. युरोपशी आप्पांचं भांडण केळीवरून आहे आणि त्यात आप्पांना हरवणारा अजून जन्मायचाय.

"ऐक भो," आप्पा सुरू करतात. "१९९३ मध्ये युरोपनं केळीच्या आयातीचा नवा नियम केला. स्वतःच्या जुन्या वसाहतींच्या केळीला सवलत, बाकीच्यांना कोटा आणि कर. मध्य अमेरिकेतल्या केळीवाल्यांची पंचाईत झाली. तिकडच्या बागा कोणाच्या? अमेरिकेतल्या कंपन्यांच्या. चिकिटा कंपनीनं तक्रार केली, अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेली. खटला जिंकली. तरी युरोप ऐकेना. मग १९९९ मध्ये अमेरिकेला परवानगी मिळाली, की वर्षाला १९ कोटी १० लाख डॉलरच्या युरोपी मालावर दंडाचा कर बसवा. कशावर बसवला? बायकांच्या पर्सेसवर! चादरींवर! केळीचं भांडण आणि दंड पर्सला! मिटलं कधी? कागदावर २००९ ला, पुरतं मिटायला २०१२ उजाडलं."

इथं आप्पा थांबतात. चहाचा घोट घेतात. मग पेला खाली ठेवून विचारतात, "आता मला सांग, वॉशिंग्टनमध्ये केळीचं खोड आहे का एक तरी? ब्रुसेल्समध्ये आहे? आणि जगात सगळ्यात जास्त केळी पिकवणारा देश कोणता? आपण! आपल्याला कोणी विचारलं? ज्यांच्या बांधावर कांदेबाग नाही न् मृगबाग नाही, ते वीस वर्षं केळीवरून भांडले न् आम्ही रावेर-यावलला बसून वाचत राहिलो!"

या व्याख्यानानंतर सहसा कोणी बोलत नाही. एकदा एका पोरानं विचारलं होतं, "आप्पा, मग आपण का नव्हतो भांडत?" आप्पांनी उत्तर दिलं ते मला अजूनही मान्य आहे. "आपली केळी आपणच खाऊन टाकतो. ज्याच्याकडं विकायला काही उरत नाही, त्याला भांडायलाही बोलावत नाहीत."

आता आप्पांच्या मुख्य शोधाकडं येऊ. हा शोध त्यांना परदेशात लागला नाही, बागेत लागला. केळीचा भाव रोज बोर्डावर लागतो, रावेरचा, बऱ्हाणपूरचा. शेतकरी तो बघतो, खुश होतो. मग व्यापारी बागेत येतो, घडाभोवती फिरतो. 'माल बारीक आहे' म्हणतो. 'चरका बसलाय' म्हणतो. 'दिल्लीत थंडी आहे' म्हणतो. आणि बोर्डापेक्षा शेदोनशे खाली मागतो. कापायला आलेला घड थांबत नाही. शेतकरी देतो. बोर्डाचा भाव एक, बागेतला भाव एक. मधला जो फरक, त्यात सगळं अर्थशास्त्र आहे, असं आप्पांचं मत.

हाच चष्मा लावून आप्पा संयुक्त निवेदनं वाचतात. दोन मोठ्या देशांचे नेते भेटले, हातात हात घालून उभे राहिले, 'समान मूल्ये', 'लोकशाहीवरील दृढ निष्ठा', 'मानवाधिकारांचा आदर' वगैरे छापून आलं की आप्पा त्याखाली लाल रेघ ओढतात आणि समासात लिहितात, 'बोर्डाचा भाव'. मग दोनतीन महिने वाट बघतात. कुणी कुणावर कर बसवला, कुणी कुणाला तेल विकलं, कुणी कशाबद्दल गप्प राहिलं, हे जमेल तसं कापून तारखेसह वहीत चिकटवतात. त्यावर शीर्षक असतं, 'बागेतला भाव'. अशा वह्यांचा एक ढीग आप्पांच्या पलंगाखाली आहे. आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या मते घरात झुरळं तिथूनच येतात.

वहीतलं सगळ्यात आवडतं पान १९९४ चं. त्या वर्षी १ ऑगस्टला भारत आणि युरोपीय समुदाय यांचा सहकार्य करार अमलात आला. पहिल्याच कलमात लिहिलंय, की मानवाधिकार आणि लोकशाही तत्त्वांचा आदर हा या सहकार्याचा पाया आहे. आप्पांनी ते भक्तिभावानं उतरवून घेतलंय. आणि समोरच्या पानावर त्याच वर्षी युरोपनं केलेला केळीचा नियम. केळं किमान १४ सेंटिमीटर लांब हवं, २७ मिलिमीटर जाड हवं आणि त्याला अवाजवी बाक नको.

"दोन्ही कागद एका वर्षाचे," आप्पा म्हणतात. "एकात माणसाचं माप, दुसऱ्यात केळीचं. आता सांगा, मोजपट्टी कशाची निघाली?"

यावर मी एकदा मुद्दाम म्हटलं, "आप्पा, माणूस मोजायची मोजपट्टी कुणाकडं असते?" आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हाच तर घोळ आहे. केळीला मोजलं तर ती रागावत नाही. देशाला मोजलं की त्याचा अपमान होतो." त्यांनी वही काढली. जुलै २०२३. युरोपच्या संसदेनं मणिपूरवर ठराव केला. दिल्लीनं म्हटलं, हा आमच्या अंतर्गत कारभारात हस्तक्षेप आहे, ही वसाहतवादी मानसिकता आहे. "ठरावही बोर्डावर, निषेधही बोर्डावर. बागेत व्यापाराची बोलणी चालूच. दोघांनी आपापलं बोलून घेतलं. पण मणिपूरच्या बायामाणसांचं पुढं काय झालं, ते कुठल्या बोर्डावर लागलं? मला तर नाही दिसलं." एवढं बोलून आप्पांनी वही मिटली. त्या दिवशी त्यांनी दुसरा चहा घेतला नाही.

पण आप्पांना असं फार वेळ गंभीर राहता येत नाही. जगात कुठंतरी मराठी माणूस निघतोच. युरोपीय परिषदेचे अध्यक्ष अंतोनियो कोश्ता यांचं घराणं मूळचं मडगावचं, त्यांच्याकडं भारताचं ओसीआय कार्डही आहे, हे कळल्यावर आप्पा आठ दिवस जमिनीवर नव्हते. आयर्लंडचे पंतप्रधान राहिलेले लिओ वराडकर मालवणजवळच्या वराडचे. अमेरिकेच्या संसदेत मिशिगनहून निवडून गेलेले श्री ठाणेदार बेळगावचे. "आता मला सांगा," आप्पा म्हणाले, "या तिघांना एका खोलीत बसवलं, वर पिठलंभाकरी दिली, तर ट्रम्पची काय गरज? फक्त खान्देशाचं कोणी नाही तेवढं." मी म्हटलं, तुम्ही आहात की. आप्पा लाजले. आजवर मी त्यांना लाजताना तेव्हाच पाहिलं.

२०२५ चा ऑगस्ट हा आप्पांच्या कारकिर्दीचा कळस. अमेरिकेनं भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियाचं तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के, असे ५० टक्के बसवले. टपरीवर गर्दी जमली. फाटक पडल्यासारखी. एरवी आप्पांना टाळणारी माणसं खुर्ची पुढं ओढून बसली, कारण प्रश्न आता वॉशिंग्टनचा राहिला नव्हता. आपल्या कपड्यांच्या कारखान्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून दिल्लीनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे खान्देशात कापूस घरात यायच्या नेमक्या दिवसांत.

समोर नाना बसले होते. नानांची धरणगावकडं कोरडवाहू जमीन, त्यात कपाशी. ते आप्पांना म्हणाले, "आप्पा, मन्हा कापूसनं काय?"

आप्पांनी चष्मा पुसला. "असं बघ नाना. अमेरिका रागावली रशियावर. रशियाचं तेल घेतलं म्हणून कर बसवला आपल्यावर. आपल्या कापडवाल्याचा माल अमेरिकेत महाग झाला. तो दिल्लीला म्हणाला, मला कापूस तरी स्वस्त दे. दिल्लीनं परदेशी कापसावरचा कर काढला. तो कापूस येणार कुठून? ब्राझीलहून, ऑस्ट्रेलियाहून आणि..."

"आणि?"

"आणि अमेरिकेहून."

नाना विचारात पडले. "म्हणजे ज्यानं मारलं, त्याच्याच शेतकऱ्याचा कापूस आपण बिनकराचा आणायचा?"

"दोन मोठ्या लोकशाह्यांचं हे असं असतं," आप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले.

"न् हमीभावानं काय?"

"आहे ना. लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये. सरकार घेणार. फक्त 'कपास किसान' नावाच्या ॲपवर आधी नोंदणी करावी लागेल."

नानांनी खिशातून आपला फोन काढून टेबलावर ठेवला. त्याला बटणं होती आणि मागून रबर बांधलेलं होतं. सगळे त्या फोनकडं बघत राहिले. मग नाना आप्पांना म्हणाले, "हा बागेतला भाव." आप्पांनी कौतुकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. शिष्य तयार झाल्याचा आनंद गुरूला असतो. शिष्याचा कापूस कोणत्या भावानं गेला, हे गुरूनं त्या दिवशी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आप्पांच्या धाकट्या मुलाच्या फोनवर नानांची नोंदणी झाली, हे मला काकूंकडून कळलं. आप्पांनी ते कुणाला सांगितलं नाही. परराष्ट्र धोरणात ते बसत नव्हतं.

पुढं २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत जाहीर झालं, की भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या. २००७ मध्ये सुरू झालेली बोलणी, २०१३ मध्ये अडलेली, २०२२ मध्ये पुन्हा धरलेली. आप्पांनी टपरीवर पेढे वाटले. मग पेपर नीट वाचला. युरोपच्या मोटारींवरचा ११० टक्क्यांपर्यंतचा कर टप्प्याटप्प्यानं उतरणार, तोही ठरावीक गाड्यांपुरता. दूधदुभतं बाजूला ठेवलेलं. आता कायदेशीर तपासणी, मग युरोपच्या चोवीस भाषांमध्ये भाषांतर, मग त्यांच्या संसदेची मंजुरी. "चोवीस भाषा न् त्यात मराठी नाही," आप्पांनी लाल रेघ मारली. केळी शोधली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही मिळालं, जून २०२१ मध्ये तांदलवाडीकडची २२ टन केळी दुबईला गेली, हा सगळा इतिहास त्यांना पाठ. पण युरोपला समुद्रमार्गे चाचणीची पहिली खेप नोव्हेंबर २०२३ मध्ये निघाली ती बारामतीहून. ही जखम आप्पा कुणाला दाखवत नाहीत, पण बारामतीचं नाव निघालं की लाल पेनाचं टोपण जोरात लावतात.

आणि २०२६ च्याच फेब्रुवारीत आप्पांना प्रत्यक्ष युरोप भेटला.

अजिंठ्याला जायला जळगाव स्टेशनवर उतरलेलं हॉलंडचं एक जोडपं गाडीची वाट बघत होतं. आप्पा संध्याकाळचे फिरायला तिकडं गेले होते. त्यांनी रॉटरडॅम हे नाव ऐकलं आणि झेपच घेतली. "यू डेमोक्रसी, आय डेमोक्रसी," इथून शिखर परिषद सुरू झाली. राजकीय सहकार्यावर दहा मिनिटं झाली. त्यात गृहस्थांनी 'येस' एवढाच शब्द वापरला. व्यापाराचं सत्र सुरू होताना आप्पांनी पिशवीतून केळी काढली आणि आधी लांबी दाखवली, मग बाक. गृहस्थांनी पैसे काढले, आप्पांनी नाकारले. त्या गृहस्थांना केळीचा नियम माहीत नव्हता, पण केळं आवडलं. मग आप्पांनी बाईंकडं वळून मोठ्या आवाजात विचारलं, "नाऊ ह्यूमन राइट्स. एनी क्वेश्चन?"

बाईंना खरोखरच एक प्रश्न होता. त्यांनी विचारलं, इथं बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे?

आप्पांनी आजूबाजूला बघितलं. जिथं ते थांबले होते तिथं जे होतं त्याला कुलूप होतं. दुसरं जे उघडं होतं ते दाखवण्यासारखं नव्हतं. चाळीस वर्षं दिल्लीशी संबंध असलेला माणूस पहिल्यांदाच निरुत्तर झाला. मग त्यांनी रिक्षा केली आणि युरोपला थेट पिंप्राळ्यात घरी आणलं. काकूंनी काही न विचारता बाईंना मोरी दाखवली, टॉवेल दिला, चहा टाकला, वर शेवभाजी वाढली. गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी आलं, काकूंनी गुळाचा खडा दिला. पाहुणे गेल्यावर काकू आप्पांना म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तुमच्या परिषदेतून पहिल्यांदाच काहीतरी निष्पन्न झालं."

आप्पांना ते लागलं. रात्री त्यांनी अर्ज लिहिला. 'विषय: महिलांसाठी स्वच्छतागृह, मानवाधिकारांच्या दृष्टिकोनातून'. पहिला परिच्छेद १० डिसेंबर १९४८ च्या जाहीरनाम्यावर होता. दुसरा, त्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व मानव' असा बदल हंसाबेन मेहता या भारतीय बाईंनी आग्रहानं करवून घेतला, यावर. कुलपाचा मजकूर तिसऱ्या पानावर. कचेरीतून यथावकाश उत्तर आलं, की अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.

आप्पांनी ते उत्तर टपरीवर वाचून दाखवलं. आवाजात विजय होता. "संवाद सुरू झाला!" मग स्वतःच थांबले. लाल पेन काढलं. 'योग्य त्या' खाली रेघ मारली. "तारीख नाही," ते पुटपुटले. "बोर्डाचा भाव आहे हा." दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात दुसरा अर्ज गेला: कुलूप कुणाच्या आदेशानं, किल्ली कुणाकडं, साफसफाईचं बिल कुणी काढलं. तीस दिवसांत उत्तर देणं कायद्यानं बंधनकारक.

"युरोपला हे कळवलं पाहिजे," आप्पा म्हणाले. "आम्हाला शिकवायला येता? आमच्याकडं दहा रुपयांत सरकारला प्रश्न विचारता येतो म्हणावं." नाना शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, "न् जबाब?" आप्पा म्हणाले, "जबाब बागेत कळतो."

टपरीवरच्या पोरांना आप्पा म्हणजे करमणूक वाटते आणि ते बरोबरच आहे.  आप्पांमुळं अमेरिकेचा कर एका टक्क्यानं कमी झालेला नाही, की ब्रुसेल्सला पिंप्राळ्याचा पत्ता लागलेला नाही. पण स्टेशनाजवळचं एक कुलूप आणि एक किल्ली यांची चौकशी सध्या सरकारी कागदावर चालू आहे, आणि ती सुरू झाली रॉटरडॅमपासून. आपल्याकडं परराष्ट्र धोरणावर बोलणारे आप्पा गल्लोगल्ली आहेत. तीस दिवस मोजत बसणारे फार नाहीत.

तेव्हा पुढल्या वेळी दोन मोठ्या लोकशाह्यांचे पुढारी हातात हात घालून उभे राहिलेले पेपरात दिसले, 'समान मूल्ये' वगैरे छापून आलेलं असलं, तर टाळ्या जरूर वाजवा. मैत्री वाईट नसतेच. फक्त बोर्ड वाचून घरी जाऊ नका. बागेत जाऊन भाव विचारा: कापसाचा, केळीचा आणि त्या कुलपाच्या किल्लीचाही.